परत ओतलेलं पेरॉक्साइड

चिंचोळीच्या एका टॉवेल कारखान्यात मी अकरा वर्षं ब्लीचिंगच्या खात्यात काढली. मागावरून उतरलेला टॉवेल पांढरा नसतो, मळकट पिवळा असतो. तो पांढरा करायला गरम पाण्यात पेरॉक्साइड घालतात. दिसायला ते पाण्यासारखंच. पण बोटाला लागलं की कातडी पांढरी पडते आणि सुया टोचल्यासारखं होतं. माझं काम म्हणजे ओले टॉवेल उजेडात धरून बघायचे. कुठं डाग, कुठं भोक. भोक कशानं पडतं ते रंगखात्याच्या डाइंग मास्तरनं एकदा सांगितलं होतं. पाइपातल्या गंजाचा एखादा कण टॉवेलवर बसला की तेवढ्या जागी पेरॉक्साइड उसळतं आणि सूत खाऊन टाकतं. कण डोळ्याला दिसतही नाही.

ते खातं बंद झालं आणि ओळखीनं मला एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत काम लागलं. कंत्राटी. झाडायचं, पुसायचं, काचेची भांडी धुवायची. मला ते काम आवडलं. चार माणसं समोर असली की माझा घसा कोरडा पडतो. सांगायचं असतं एक, तोंडातून 'व्हय' किंवा 'न्हाय' एवढंच निघतं. माझी शाळा चौथीलाच सुटली. तिथल्या बाटल्यांवरचं इंग्रजी मला वाचता येत नाही, पण कुठली बाटली कुठली ते आकारावरून आणि झाकणाच्या रंगावरून कळतं. भांडी धुताना कुणाशी बोलावं लागत नाही.

त्या प्रयोगशाळेत एक मुलगी पीएचडी करते. उजनीच्या पाण्याकाठच्या गावची आहे. माझ्या बहिणीच्या लेकीएवढी असेल, पण मी तिला ताई म्हणते आणि ती मला मावशी. ताई मोटरी बनवते. हे मी घरी सांगितलं तेव्हा आमचे हे जेवत होते.

"किती एचपीच्या?" त्यांनी विचारलं.

"केसापेक्षा बारीक असतात म्हणं."

"मग उसाला पाणी कसं द्यायचं त्यानं? एकेक मुंगी पाजत बसायचं का?" असं म्हणून ते भाकरी चावत कितीतरी वेळ हसत होते.

मलाही त्या मोटरी म्हणजे काय ते कळलं नव्हतं. एकदा दुपारी बाकीचे सगळे जेवायला गेले होते. मी फरशी पुसत होते. ताई दुर्बिणीला डोळा लावून बसली होती. बारीक वस्तू मोठी करून दाखवणारं ते यंत्र आहे, त्याला मी दुर्बीणच म्हणते. ती एकदम टाळी वाजवून उठली. बघायला दुसरं कुणी नव्हतं म्हणून तिनं मला हाक मारली.

"मावशी, या हितं. बघा तर."

"मी? नको ताई."

"अवो चावत न्हाय की. या."

आधी नुसती माझीच पापणी दिसली. मग एकदम उजेडाचं गोल ताट दिसलं आणि त्यात काळे ठिपके. प्रत्येक ठिपक्यामागं बारीक बुडबुड्यांची माळ. भुईचक्र कसं गरगरत अंगण कापत जातं, तसे ते ठिपके फिरत फिरत पळत होते. एक दुसऱ्याला धडकला आणि दोघं मिळून भलतीकडंच गेले. मी डोळा काढला आणि काचपट्टीकडं बघितलं. तिथं नुसता पाण्याचा थेंब होता.

"ह्यांना ना तार, ना सेल," ताई म्हणाली. "एका अंगाला लेप लावलेला असतो. तो लेप पेरॉक्साइड फोडतो. त्यातनं वायू निघतो, बुडबुडे होतात, आणि बुडबुडा मागं ढकलला की मोटर पुढं जाते. फुगा फुगवून तोंड न बांधता सोडला तर कसा पळतो? तसं."

"कशाला करायच्या पण?"

एवढं मी विचारलं याचं माझं मलाच नवल वाटलं. ती म्हणाली, रंगखात्यातून जे लाल-निळं पाणी बाहेर पडतं, त्यात या सोडायच्या. पळता पळता त्या पाणी ढवळतात आणि रंग फोडतात. कुणी पाणी हलवायला नको, काही नको. असं लाल पाणी मी अकरा वर्षं बघितलं होतं. ते कधी निवळेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

तिचं काम कसं चालायचं ते सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. कडक पेरॉक्साइडची तपकिरी बाटली कपाटात कुलपात असते. त्यातलं थोडं घेऊन ताई पाणी घालून पातळ करायची आणि एका पांढऱ्या कॅनात ठेवायची. रोज कॅनातून थोडं काचेच्या छोट्या पेल्यात घ्यायचं, मग त्यातला थेंब काचपट्टीवर ठेवून दुर्बिणीखाली धरायचा. संध्याकाळी पाच-सहा पेले माझ्याकडं धुवायला यायचे. कधी त्यात बोटभर उरलेलं असायचं, कधी अर्धा पेला.

मोटरी काचपट्टीवरच असतात असं माझ्या डोक्यात होतं. मी तिथंच बघितल्या होत्या ना. त्या आधी पेल्यात सोडतात आणि मग त्यातला थेंब उचलतात, हे मला ठाऊक नव्हतं. उरलेलं दिसायला स्वच्छ, नितळ.

दिवाळीनंतर एक दिवस ताई फोनवर कुणालातरी म्हणाली, "पेरॉक्साइड संपत आलंय. मागितलं तर महिना महिना देत न्हाईत."

त्या संध्याकाळपासून मी पेल्यातलं उरलेलं कॅनात परत ओतायला लागले.

ते मी का केलं हे मला कुणी विचारलं तर सांगण्यासारखं काही नाही. आमच्या पेठेत नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं. भाजी धुतलेलं पाणी आम्ही झाडाला घालतो. तळून उरलेलं तेल गाळून परत बरणीत जातं. चांगलं दिसणारं काही मोरीत ओतायला माझा हात होत नाही. आणि मनात असंही होतं, की ताईला कळलं नाही तरी तिचं थोडं काम आपण केलं. तिला विचारायला तोंड उघडावं लागलं असतं, तेही एक कारण होतंच.

मार्गशीर्षात ताईच्या मोटरी मंद व्हायला लागल्या.

आधी ती स्वतःशीच पुटपुटायची. मग तिचं जेवण सुटलं. डबा तसाच परत जायचा. ती लेप पुन्हा लावायची, पुन्हा बघायची, वहीत काहीतरी लिहायची आणि त्यावर काट मारायची. आठवड्यानं बुडबुड्यांच्या माळा राहिल्याच नाहीत. एखाददुसरा बुडबुडा निघायचा आणि ठिपका जागीच डुलायचा. हे मला तिच्या बोलण्यातून कळत होतं. मी दुर्बिणीत पुन्हा बघितलं नव्हतं.

तिच्या सरांचं बोलणं तिरकं असतं. ते आले की मी कोपऱ्यातलं काम काढते.

"काय, आज तरी चालली का गाडी?"

"न्हाय सर. लेपातच काहीतरी होतंय. नवीन पावडर वापरली तेव्हापासून."

"पेरॉक्साइड?"

"ते आत्ता महिन्यापूर्वी कालवलंय सर. बाटली चांगली आहे."

"मग लेपच." सर खुर्चीवर न बसता उभेच होते. "हे बघ, सोमवारी बाहेरून समिती येतेय. त्यांना पळताना दाखवता आलं तर तुला मुदत वाढवून मिळेल. नाही आलं तर विषय बंद. दोन वर्षं मी तुझ्यासाठी भांडलो, आता कुणाशी भांडू?"

त्या दिवशी बुधवार होता.

गुरुवारी संध्याकाळी मी पेले धुवायला घेतले. नेहमीसारखं कॅनाचं झाकण फिरवलं, तेव्हा फुस्स असा आवाज झाला. तो आधीही होत होता. पण त्या दिवशी खोलीत पंखा बंद होता, कुणी नव्हतं, म्हणून तो नीट ऐकू आला. मी कॅन उचलून खिडकीशी नेला. उजेड आरपार जाईल असा तो कॅन. तळाशी राखेसारखा पातळ काळा थर बसला होता आणि त्या काळ्यातून मोहरीपेक्षा बारीक बुडबुडे एकामागून एक वर येत होते. थांबतच नव्हते.

मला टॉवेलवरचा गंजाचा कण आठवला. त्याच्याजवळ पेरॉक्साइड असंच उसळायचं.

मग ताईचं बोलणं आठवलं. लेप पेरॉक्साइड फोडतो. त्या काळ्या थरातल्या मोटरी महिनाभर कॅनात बसून पेरॉक्साइड खात होत्या. कॅनात आता नुसतं पाणी उरलं होतं. तिच्या नव्या मोटरींना ती रोज हेच पाणी देत होती, आणि त्या हलत नाहीत म्हणून रोज त्यांनाच दोष देत होती.

आणि त्या मोटरी कॅनात मी ओतल्या होत्या.

हातातला पेला मी तसाच खाली ठेवला. धुतलाही नाही.

घरी मी यांना सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि चहाची बशी खाली ठेवली.

"तुला कुणी ओतताना बघितलं का?"

"न्हाय."

"मग झालं तर. गप बस. त्यांचा कॅन, त्यांचं पाणी. लई शिकलेली माणसं हायती ती, त्यांना कळंल आज ना उद्या."

"सोमवारच्या आत कळाया पायजे की."

"आणि तू सांगितलं तर? मंगळवारी झाडू दुसरीच्या हातात. तुला काय वाटतं, हार घालतील?"

ते चुकीचं बोलत नव्हते. आमच्या घरात दुसऱ्या कुणाला महिन्याचा बांधलेला पगार नव्हता. मी कणीक मळत बसले. ताईला सांगायचं ते वाक्य मी मनात जुळवत होते. 'ताई, एक चूक झाली.' मग 'ताई, त्या कॅनात बघा बरं जरा.' दुसऱ्या वाक्यात माझं नाव येत नव्हतं. ते सोपं होतं. मी ठरवलं की ते दुसरंच बोलायचं.

शुक्रवारी सकाळी मी लवकर गेले. ताई आली, पण फोनवर बोलत आली. "आई, आता न्हाय बोलायचं मला," एवढं म्हणून तिनं फोन ठेवला आणि तोंड धुवायला गेली. ती परत आली तेव्हा मी फडकं घेऊन तिच्या टेबलाजवळ उभी होते. ती म्हणाली, "मावशी, नंतर पुसा." मी "बरं" म्हणाले आणि बाहेर आले. व्हरांड्यात जाऊन स्वतःवर चिडले. पुन्हा आत गेले तर सर आले होते.

सर आणि ताई बोलत होते, ते बहुतेक इंग्रजीत. शेवटी सर मराठीत म्हणाले, "ह्या घाणीत आता वेळ घालवू नकोस. टाकून दे सगळं. सोमवारी सरळ सांगू, जमलं नाही."

ताईनं फ्रिज उघडला. आतून तिनं एक ट्रे काढला. त्यात बोटाएवढ्या बाटल्या ओळीनं उभ्या होत्या आणि प्रत्येकीत तळाशी चिमूटभर काळं होतं. दोन वर्षांच्या मोटरी. प्रत्येक बाटलीवर तिच्या बारीक अक्षरात काहीतरी लिहिलेलं. ती ट्रे घेऊन माझ्यापर्यंत आली आणि माझ्याकडं न बघता म्हणाली,

"मावशी, हे टाकून द्या. त्या निळ्या डब्यात ओता आणि बाटल्या धुऊन ठेवा."

मी ट्रे घेतला. बाटल्या एकमेकींना लागून किणकिणत होत्या. निळा डबा मोरीजवळ होता. मी तिथपर्यंत गेले. एका बाटलीचं झाकणही काढलं. मागं सर घड्याळ बघत होते आणि ताई वही मिटत होती. ओतलं असतं तर कुणालाच कधी काही कळलं नसतं. हे मला तेव्हा नीट दिसत होतं.

"ह्यात दोष न्हाय," मी म्हणाले.

माझा आवाज मोरीकडं गेला. कुणी ऐकलं नाही. मी वळले.

"ताई, ह्यात दोष न्हाय. कॅनात हाय."

"काय म्हणतायत ह्या?" सरांनी विचारलं. माझ्याकडं नाही, ताईकडं बघून.

मी जुळवलेलं एकही वाक्य मला आठवलं नाही. "पेल्यातलं उरलेलं मी कॅनात ओतायची. दिवाळीपासून. मला वाटलं ते चांगलं हाय. त्याच्या बुडाशी बघा. उकळतंय ते."

ताई कॅनाकडं गेली. तिनं तो माझ्यासारखाच खिडकीशी नेला. बराच वेळ ती नुसती बघत राहिली. मग तिनं कागदाची एक बारीक पट्टी कॅनातल्या पाण्यात बुडवली. पेरॉक्साइड असेल तर त्या पट्टीचा रंग बदलायला हवा, हे मला तिच्या तोंडावरून कळलं, कारण पट्टी पांढरीच राहिली आणि ताई मटकन खुर्चीवर बसली.

"मी हे तपासलंच न्हाय सर," ती म्हणाली. "एकदाबी न्हाय."

सर माझ्याकडं वळले. "तुम्हाला कुणी सांगितलं होतं का, परत ओता म्हणून?"

"न्हाय."

"मग कुणाला विचारलं होतं?"

"न्हाय."

"व्वा. म्हणजे आमचं संशोधन तुम्हीच चालवत होता तर."

मला वाटलं होतं की मी रडेन. पण रडू आलं नाही. पायाची बोटं फरशीला घट्ट धरून मी उभी होते. ताईनं कुलूप काढलं, तपकिरी बाटलीतून नवं पेरॉक्साइड घेतलं आणि नव्या पेल्यात पातळ केलं. माझ्या हातातल्या ट्रेमधून, मी झाकण काढलेली तीच बाटली उचलली आणि त्यातलं काळं पेल्यात सोडलं. थेंब काचपट्टीवर आला. दुर्बिणीवर ती वाकली.

पंख्याचा आवाज तेवढा होता.

"पळतायत," ताई म्हणाली.

सरांनी बघितलं. त्यांनी "हं" केलं, पुन्हा एकदा बघितलं आणि म्हणाले, "सोमवारचं होईल." मग बाहेर जाता जाता दारात थांबून म्हणाले, "आणि त्या महिनाभराच्या नोंदी काढून टाक सगळ्या. त्यातली एकही समितीपुढं नको."

ते गेल्यावर ताई वही घेऊन बसली. पान उलटायचं, वरच्या कोपऱ्यापासून खालच्या कोपऱ्यापर्यंत रेघ मारायची, पुढचं पान. पट्टी न लावता मारलेल्या त्या रेघा वाकड्या जात होत्या. मी ट्रे परत फ्रिजमध्ये ठेवला आणि बाजूला उभी राहिले. मला वाटत होतं ती काहीतरी म्हणेल. ओरडली असती तरी चाललं असतं. दहा-बारा पानं झाल्यावर ती म्हणाली,

"उभ्या राहू नका मावशी. जा आता."

सोमवारी समिती आली तेव्हा मला व्हरांड्याचं काम होतं. दार बंद होतं. मी एकच पायरी तीनदा पुसली. दीड तासानं चौघं जण बाहेर आले आणि चहाला गेले. त्यांच्या मागून ताई आली. पाठीला घामानं कपडा चिकटला होता.

"पळाल्या," ती म्हणाली. "पण नुसतं पळणं बास न्हाय म्हणाले. सगळी मोजमापं नव्यानं करून दाखवा. सहा महिने दिलेत."

"मिळाले ना पण?" मी म्हणाले.

"मिळाले." तिनं कपाळ पुसलं. मग माझ्याकडं नीट बघत म्हणाली, "तुमी बोलला नसता तर तेबी मिळाले नसते. मला माहिताय ते. पण ह्यापुढं माझी भांडी मी धुणार मावशी. राग म्हणून न्हाय. मला आता दुसऱ्या कुणाच्या हातचं चालणार न्हाय, एवढंच."

मी "बरं" म्हणाले.

माझं काम गेलं नाही. सरांनी कंत्राटदाराला काही कळवलं नाही, का ते मला माहीत नाही. घरी हे म्हणाले, "बघ, वाचलीस." मी त्यांना भांड्यांचं सांगितलं नाही. बाकीच्यांचे पेले, नळ्या, बशा मी अजून धुते. ताईचं टेबल सोडून.

त्या सहा महिन्यांतले दोन गेले. ती सकाळी माझ्या आधी आलेली असते. रोज पहिल्यांदा ती पट्टी बुडवते, रंग बघते, लिहिते, मगच पुढचं. माझ्याशी बोलते, हसतेही. सणाची विचारपूस करते. पण पेला उचलायला मी हात पुढं केला तर तिचा हात आधी जातो. माझ्या आधी जातो, हे तिलाही कळतं, आणि मग आम्ही दोघी दुसरीकडं बघतो.

आज ती दुपारी जेवायला गेली नाही. एक डोळा दुर्बिणीला, एका हातात पेन, वहीकडं न बघताच लिहीत होती. मी बादली घेऊन तिच्या टेबलापर्यंत आले. लादी पुसायचा दांडा टेबलाच्या पायाला लागला तर वर थेंब हलतो, हे मी आता शिकले आहे. तिथवर पुसलं आणि टेबलाखालची चार फरश्यांची जागा कोरडी सोडून मी पुढच्या खोलीत गेले.